मेमरीचा भाव आणि पडद्यावरचा खेळ

अमेरिकेत दूरचित्रवाणीला रंग देण्याचा प्रश्न १९५३ साली मार्गी लागला, तेव्हा त्या खटाटोपातून निघालेली एक संख्या पुढे पाव शतकाने घरोघरच्या गणकयंत्रांच्या नाडीत जाऊन बसेल, असे तो मसुदा करणाऱ्या अभियंत्यांच्या स्वप्नातही आले नसावे. कृष्णधवल चित्राच्या संदेशावर रंगाचा संदेश असा बेमालूम चढवायचा की ज्याच्या घरी जुना संच आहे त्याला कसलीही तोशीस पडू नये, या अटीपायी रंगासाठी सेकंदाला सुमारे ३५ लाख ८० हजार आंदोलनांची एक लहर मुक्रर झाली. आणि तिच्या बरोबर चौपट, म्हणजे १४.३१८१८ मेगाहर्ट्झ वेगाने स्पंदन पावणारा क्वार्ट्झचा स्फटिक, टीव्हीच्या पडद्यावर रंगीत चित्र उमटवू पाहणाऱ्या कित्येक यंत्रांत मुक्कामाला आला. १९८१ च्या ऑगस्टात आयबीएमने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला तो हिशेबठिशेबाचे आणि पत्रव्यवहाराचे यंत्र म्हणून. परंतु त्याच्याही पोटात हाच स्फटिक होता. त्याच्या स्पंदनाचे तीन भाग करून प्रोसेसर चालवला, म्हणून पाच मेगाहर्ट्झ झेपणाऱ्या त्या चिपेची गती ४.७७ अशी विचित्र ठरली. चार भाग केले की रंग निघे. आणि बारा भाग केले की यंत्रातल्या कालमापकाला चालना मिळे. हा बारावा हिस्सा म्हणजे १.१९३१८२ मेगाहर्ट्झ. आता चार वर्षे मागे जाऊन अटारी कंपनीने १९७७ साली काढलेल्या खेळयंत्राचे कागद उघडावेत, तर त्याच्या प्रोसेसरची गती दशांशाच्या अखेरच्या स्थानापर्यंत हीच सापडते.

कचेरीतले यंत्र आणि दिवाणखान्यातले खेळणे यांची सनद अशी एकाच दफ्तरातली आहे. तरीही संगणकाचा इतिहास सांगण्याचा आपल्याकडील शिरस्ता असा, की आधी क्षेपणास्त्रांचे गणित, मग बँका आणि विमा कंपन्या, मग कारकुनाच्या मेजावरचा संच, आणि सरतेशेवटी, कौतुकमिश्रित नापसंतीने, ‘मुलांचे खेळ’. हा क्रम सोयीचा असला तरी खरा नाही. घरगुती संगणकाला रंग का आला, आवाज का आला, दर दोन वर्षांनी नवा संच घेण्याची निकड सामान्य गृहस्थाला का भासू लागली, या प्रश्नांची उत्तरे हिशेबाच्या वह्यांत मिळत नाहीत. ती पडद्यावर हलणाऱ्या चित्रात मिळतात. चित्र हलवायला मेमरी लागते, मेमरी महाग असते, आणि ती ज्या काळी जितकी महाग असेल त्या काळचा खेळ तितकाच विलक्षण युक्तिबाज असतो, ही साधी बाब ध्यानात ठेवून या साठ वर्षांकडे पाहिले की पुष्कळ गोष्टी आपोआप जागेवर बसतात.

प्रारंभीचा भाग झरझर सांगण्यासारखा आहे. १९६२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी ‘स्पेसवॉर’ हा दोन अवकाशयानांच्या झुंजीचा खेळ रचला, तो पीडीपी-१ या सुमारे १ लाख २० हजार डॉलर किमतीच्या यंत्रावर. म्हणजे खेळ होता, पण तो घरी नेण्याची सोय नव्हती. दहा वर्षांनी राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून निघालेले मॅग्नव्हॉक्स कंपनीचे ‘ओडिसी’ घरी आले खरे, पण त्यात प्रोसेसरही नव्हता आणि मेमरीही नव्हती. पडद्यावर दोनचार पांढरे ठिपके हलत, आणि मैदान, जाळे, चक्रव्यूह वगैरे जे काही दिसायचे ते रंगीत प्लास्टिकच्या पारदर्शक पत्र्यावर छापलेले असून तो पत्रा टीव्हीच्या काचेला चिकटवावा लागे. त्याच १९७२ साली नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी अटारी कंपनी काढली आणि अ‍ॅल अल्कॉर्न याने तिच्यासाठी ‘पाँग’ बांधला. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या एका मद्यगृहात ठेवलेला त्याचा पहिला नमुना बंद पडल्याची तक्रार आली, आणि जाऊन पाहतात तो नाण्यांची पेटी काठोकाठ भरल्यामुळे पुढचे नाणे आत शिरत नव्हते, ही कथा इतक्यांदा छापली गेली आहे की तिची पुनरुक्ती करण्यात हशील नाही.

खरी मौज सुरू होते ती १९७७ च्या सप्टेंबरात, १९९ डॉलरला विकल्या गेलेल्या अटारीच्या ‘व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टम’पाशी. या यंत्रात कामकाजाची मेमरी होती फक्त १२८ बाइट. आजच्या रिवाजाने देवनागरीचे एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने अटारीच्या सगळ्या मेमरीत मराठीची ४२ चिन्हे मावली असती, आणि त्यात ह्या परिच्छेदाचे पहिले वाक्यही पुरे झाले नसते. उलट पडद्यावर आडवे १६० आणि उभे १९२ असे ठिपके दाखवायचे, तर नुसत्या काळ्यापांढऱ्या चित्राची नोंद ठेवायलाही ३,८४० बाइट हवेत. तेवढी मेमरी घातली असती तर खेळण्याची किंमत मध्यमवर्गीय गृहस्थाच्या आवाक्याबाहेर गेली असती. तेव्हा जे मायनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नसे तेथे मार्ग काढला, तो असा की यंत्राने चित्र साठवूच नये.

हे कसे साधले ते समजण्यासाठी जुन्या टीव्हीची रचना आठवावी लागते. काचेच्या नळीत मागून निघालेली इलेक्ट्रॉनांची शलाका पडद्याच्या डावीकडून उजवीकडे एक ओळ आखते, परत येते, खालची ओळ आखते, आणि अशा २६२ ओळी संपल्या की पुन्हा वर जाते. हा फेरा सेकंदाला साठ वेळा. एक ओळ आखायला सुमारे ६३.५ मायक्रोसेकंद. एवढ्या अवधीत अटारीच्या प्रोसेसरची अवघी ७६ आवर्तने होत, आणि हलक्यात हलक्या हुकमालाही दोन आवर्तने खर्ची पडत, म्हणजे एका ओळीमागे फार तर अडतीस हुकूम देण्याची मुभा. चित्राची चिप जाणत असे ती पाच वस्तू आणि एक पार्श्वभूमी: आठ ठिपके रुंदीचे दोन खेळाडू, दोन गोळ्या, एक चेंडू, आणि अर्ध्या पडद्यापुरती वीस ठोकळ्यांची भिंत, जी उरलेल्या अर्ध्यात जशीच्या तशी किंवा आरशातल्यासारखी उलटी उमटे. अटारीचे इतके चक्रव्यूह डावीउजवीकडे सारखे का दिसतात, याचे कारण कलावंताच्या अभिरुचीत शोधू नये. ते या वीस ठोकळ्यांत आहे. या सहा नोंदी प्रोग्रामरने दर ओळीला, शलाका तेथे पोचण्याच्या आत, बदलायच्या. पंगतीत वाढप्याने प्रत्येक पानासमोर वाकता वाकता त्या पानापुरता पदार्थ शिजवावा, आणि पंगत थांबता कामा नये, अशातला तो प्रकार होता.

त्यातही आडव्या स्थानाची कथा तर ऐकून चकित व्हावे अशी आहे. खेळाडू पडद्यावर डावीकडून ७० व्या ठिपक्यावर हवा, तर ‘७०’ ही संख्या कोठे तरी लिहून ठेवावी, असे कोणालाही वाटेल; पण तशी जागाच त्या चिपेत नव्हती. शलाका प्रत्यक्ष त्या ठिपक्यावरून जात असेल त्या क्षणी प्रोग्रामने एक खूण करायची, आणि खूण झाली ती खेळाडूची जागा! प्रोसेसरच्या एका आवर्तनात शलाका तीन ठिपके पुढे जाई, आणि वाट पाहण्याचा आटोपशीर फेरा पाच आवर्तनांचा. म्हणून जागा धरता येई ती पंधरा पंधरा ठिपक्यांच्या अंतराने, आणि मधला फरक भरून काढण्यासाठी खेळाडूला आठ-सात ठिपके इकडेतिकडे सरकवण्याचा निराळा हुकूम होता. हा हुकूम दिला की त्या ओळीच्या डाव्या टोकाला आठ ठिपक्यांची काळी पट्टी उमटे. जुन्या अटारी खेळांच्या डाव्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या ज्या काळ्या रेघा दिसतात त्या याच. काही चोखंदळ प्रोग्रामर हा दोष झाकण्यासाठी गरज असो वा नसो, प्रत्येक ओळीला तो हुकूम देत, म्हणजे दात्यांऐवजी सरळ काळी कड दिसे आणि पाहणाऱ्याला ती मुद्दाम आखल्यासारखी वाटे.

मग खेळाचे गणित, म्हणजे टक्कर झाली काय, गुण किती झाले, शत्रूने कोठे वळावे, हे करायचे केव्हा? तर शलाका पडद्याबाहेर असते त्या सत्तर ओळींच्या सवडीत. ओळी संपण्याच्या आत गणित संपले नाही तर चित्र उड्या मारू लागे. या कारभारात ज्यांनी प्रावीण्य मिळवले त्यांतल्या चौघांनी अटारी सोडून १९७९ साली अ‍ॅक्टिव्हिजनच्या स्थापनेत भाग घेतला, आणि त्यांपैकी डेव्हिड क्रेन याने १९८२ साली ‘पिटफॉल’ दिला. चार हजार बाइटांच्या कॅसेटीत २५५ निरनिराळ्या जंगलांची नोंद ठेवणे अशक्य. म्हणून त्याने एकही जंगल नोंदवले नाही. एका बाइटाला ठरावीक नियमाने फिरवत नेले की २५५ वेगवेगळ्या संख्या क्रमाने निघतात आणि मग पुन्हा पहिली येते; त्या संख्येचे काही अंश झाडे ठरवत, काही अंश खड्डे आणि मगरी. नियम उलटा चालवला की मागचे जंगल परत मिळे, त्यामुळे खेळाडू डावीकडे वळला तरी भूगोल बदलत नसे. मला विचाराल तर या एका बाइटाच्या करामतीपुढे आजच्या शेकडो गिगाबाइटांच्या खेळांतले अफाट प्रदेश थोडे आळशी वाटतात. पण हे जुन्या माणसाचे मत म्हणून सोडून द्यावे.

यंत्राच्या दुबळेपणातून खेळाचा आत्माच घडावा, याचेही उदाहरण त्याच काळातले आहे. जपानमध्ये तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो याने १९७८ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला. पडद्यावर परग्रहवासीयांची ११ च्या ५ रांगांत ५५ जणांची फौज. प्रोसेसरला एका फेऱ्यात त्यातला एकच हलवणे परवडे. त्यामुळे फौज पुरी असता ती रेंगाळत चाले, आणि जसजसे शत्रू गारद होत तसतशी उरलेल्यांची पाळी लवकर येऊन त्यांचा वेग वाढे. शेवटचा एकटा तर पिसाळल्यासारखा धावे. निशिकादोने ते तसेच राहू दिले. त्या खेळाची सारी उत्कंठा या सोडून दिलेल्या दोषात साठलेली आहे.

*

आता मेजावरच्या संगणकाकडे वळू. अटारीच्या ‘ब्रेकआउट’ या विटा फोडण्याच्या खेळाची मांडणी स्टीव्ह वॉझनिअ‍ॅक याने केली होती, आणि ती इतक्या कमी चिपांत बसवली होती की अटारीला तिचे उत्पादन जशाच्या तशा रूपात करणे जमले नाही. (त्या कामाच्या मोबदल्याची वाटणी त्याच्यात आणि त्याच्या मित्रात, स्टीव्ह जॉब्समध्ये, कशी झाली हे प्रकरण निराळे, आणि मित्राच्या कीर्तीत भर घालणारे नव्हे.) वॉझनिअ‍ॅकच्या मनाने त्यानंतर घेतले की हाच खेळ तारा न जोडता नुसत्या बेसिक भाषेत लिहिता यावा. त्यासाठी रंगाचे हुकूम हवेत, ते घातले. फळी सरकवायला फिरकी हवी. तिची तजवीज केली. चेंडू आपटल्याचा ‘टक्’ हवा. म्हणून छोटासा स्पीकर जोडला. १९७७ साली ‘अ‍ॅपल टू’ म्हणून जे यंत्र बाजारात आले आणि ज्यावर पुढे व्हिसिकॅल्क नावाच्या पहिल्या हिशेबी तक्त्याने व्यापाऱ्यांना वेड लावले, त्याची रंग आणि आवाज ही दोन्ही अंगे विटा फोडण्याच्या हौसेतून निघाली, हे स्वतः वॉझनिअ‍ॅकनेच पुढे अनेकदा सांगितले आहे.

त्याच अ‍ॅपल टूवर जॉर्डन मेक्नर या तरुणाने चार वर्षे खपून १९८९ साली ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ पुरा केला. महाराष्ट्रातल्या शाळांच्या संगणक कक्षांत आणि गल्लोगल्लीच्या ‘कॉम्प्युटर क्लास’मध्ये, सर बाहेर गेले रे गेले की जे दोन खेळ हमखास उघडत, त्यांतला हा एक, दुसरा ‘डेव्ह’. राजपुत्राची धाव आणि उडी इतकी जिवंत दिसे याचे कारण मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला मोकळ्या वाहनतळावर पळायला लावून त्याची चित्रफीत घेतली होती आणि तिच्यातली एकेक मुद्रा उतरवून काढली होती. या मुद्रांनी यंत्राची सगळी मेमरी गिळली. खेळात झुंज हवी असा मित्रमंडळींचा आग्रह, आणि शत्रूच्या मुद्रा ठेवायला एक बाइटही शिल्लक नाही, अशा पेचात मेक्नरला सुचले ते हे: राजपुत्राचेच चित्र एका ठिपक्याने बाजूला सरकवून मूळ चित्राशी असे मिसळायचे की दोहोंत समान तेवढे पुसले जावे. जी धूसर, चकाकती आकृती उरली तिला मेमरीचा खर्च शून्य. आरशातून बाहेर पडणारा, राजपुत्राच्या वाटेत आडवा येणारा आणि अखेर त्याच्यातच विलीन होणारा तो ‘छायापुरुष’ असा जन्माला आला. त्या छायेला मारावे तर आपलाच प्राण जातो, तलवार म्यान करावी तरच वाट मिळते. ज्या पोराला हे पहिल्यांदा उमगले त्याला अद्वैताचा पाठ निराळा देण्याची गरज नव्हती, आणि तो पाठ मेमरीच्या टंचाईने दिलेला होता.

आयबीएमच्या गंभीर यंत्राचीही एक गमतीची बाब नमूद केली पाहिजे. त्याच्याबरोबर मिळणाऱ्या फ्लॉपीवर ‘डाँकी’ नावाचा एक खेळ होता: रस्त्याने मोटार चालली आहे, समोर गाढव येते, त्याला चुकवायचे. त्याच्या दोघा कर्त्यांपैकी एक बिल गेट्स. यंत्राचा हेतू कचेरीचा असला तरी बनवणाऱ्यांना ग्राहकाचा स्वभाव ठाऊक होता. पुढे जलद प्रोसेसर आले तेव्हा जुने खेळ, ज्यांनी ४.७७ ची गती वेदवाक्य मानून पावले मोजली होती, ते भलत्याच वेगाने पळू लागले, आणि म्हणून संगणकाच्या कॅबिनेटवर ‘टर्बो’ नावाचे बटण आले. नाव टर्बो, पण त्याची खरी उपयुक्तता यंत्राला मंद करण्यात. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे जोडलेल्या संचांवरही ते बटण असे, आणि तांबड्या आकड्यांचा एक छोटा फलकही. ते आकडे प्रोसेसर मोजून येत नसून मागच्या पिनांवर टोप्या बसवून ठरवलेले असत, हे बऱ्याच जणांना पुढे कॅबिनेट उघडल्यावर कळले.

*

मुंबईत ग्रँट रोड स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. पण या नावाने पत्ता विचारणारा मनुष्य तेथे नवखा ठरतो. लॅमिंग्टन रोड म्हटले की वाट सापडते. या रस्त्याने नव्वदीच्या दशकात निम्म्या शहराला संगणक जोडून दिले: मदरबोर्ड एका दुकानातून, रॅम दुसऱ्यातून, कॅबिनेट हमालाच्या डोक्यावर. तेथील एका गाळ्यात, जेथे अजून जुने संच दुरुस्तीला येतात, मी एका कारागिराला ‘व्हिडिओ गेम’ उघडताना पाहिले. आपल्याकडे खेळयंत्राला लोक हेच म्हणत, आणि खेळाच्या खोक्याला ‘कॅसेट’. आत होते काय, तर तळहाताएवढी हिरवी पट्टी, आणि तिच्या मधोमध चिपेच्या जागी काळ्या राळेचा एक चकचकीत थेंब. निन्टेन्डो कंपनीने १९८३ च्या जुलैत जपानमध्ये काढलेल्या ‘फॅमिकॉम’चा प्रोसेसर आणि चित्राची चिप, मासायुकी उएमुरा यांच्या हाताखाली घडलेली ती सगळी मांडणी, नक्कल करणाऱ्यांनी पुढे एका सिलिकॉनच्या चकतीत उतरवून या थेंबाखाली पुरली होती. “साहेब, हा थेंब गेला की संच गेला,” कारागीर म्हणाला. “बाकी काहीही झालं तरी करून देतो. ह्याला हात लावता येत नाही.” कॅसेटच्या सोनेरी दात्यांवर त्याने खोडरबर फिरवला आणि ती पुन्हा बसवली. आपण सारे लहानपणी त्या दात्यांवर फुंकर मारत असू. फुंकरेतला ओलावा तांब्याला बाधतो असे त्याचे म्हणणे पडले.

पडद्यावर यादी आली ती ‘९९९९९९ इन १’ अशी. खरे खेळ मोजके. उरलेली संख्या त्याच खेळांना दुसऱ्या टप्प्यापासून, तिसऱ्या टप्प्यापासून सुरू करून फुगवलेली. त्यांत मारियो होताच. १९८५ चा ‘सुपर मारियो ब्रदर्स’ हा ४० किलोबाइटांत मावतो, आणि मावतो तो काटकसरीने: आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप ही एकच आकृती आहे, फक्त रंग पांढऱ्याऐवजी हिरवा. फॅमिकॉमने शलाकेशी चाललेली शर्यत प्रोग्रामरच्या डोक्यावरून उतरवून चित्राच्या चिपेकडे सोपवली. पडद्याचे आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटींत भाग पाडायचे, प्रत्येक चौकटीत कोणते चित्र एवढाच क्रमांक लिहून ठेवायचा. अशा ३२ बाय ३०, म्हणजे ९६० क्रमांकांत सगळा देखावा बसतो. हलणाऱ्या आकृती ६४, पण एका ओळीत आठांहून अधिक आल्या की जादा आकृती दिसत नाहीत, आणि म्हणून गर्दीच्या जागी त्या आळीपाळीने लुकलुकतात.

कारागिराच्या फळीवर एक नारिंगी बंदूकही पडली होती. ‘डक हंट’मधली बदके टिपणाऱ्या या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही, तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा आहे. चाप ओढला की सगळा पडदा निमिषभर काळा होतो, लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि काळ्यामागून पांढरे दिसले तर नेम लागला. हे सारे काचेच्या नळीच्या टीव्हीवरच जमते, कारण तेथे हुकूम आणि उजेड यांत विलंब नसतो. आजच्या सपाट पडद्यासमोर ती बंदूक आंधळी ठरते.

फॅमिकॉमला देखावा आडवा सरकवणे सहज जमे; त्याच्याहून कैक पटींनी महागड्या आयबीएम वळणाच्या संगणकाला ते जमत नसे, कारण त्यात अशी चिप नव्हती आणि १६ रंगांच्या एका पडद्याचे ३२,००० बाइट प्रत्येक पावलाला नव्याने लिहिणे प्रोसेसरच्या कुवतीबाहेरचे होते. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात श्रीव्हपोर्ट येथे सॉफ्टडिस्क नावाच्या कंपनीत काम करणाऱ्या जॉन कारमॅकने १९९० च्या सप्टेंबरात यावर तोड काढली: मेमरीत पडद्याहून थोडे मोठे चित्र ठेवायचे, ‘येथून दाखवायला लाग’ हा आरंभबिंदूच सरकवायचा, आणि ज्या चौकटी बदलल्या असतील तेवढ्याच नव्याने लिहायच्या. टॉम हॉलच्या साथीने एका रात्रीत त्याने मारियोच्या तिसऱ्या खेळाचा पहिला टप्पा संगणकावर उभा केला, आणि नायक म्हणून घातला सहकारी जॉन रोमेरोचा डेव्ह. तोच, जो आपल्या संगणक कक्षांत पोरांनी कप मिळवण्यासाठी हजारदा मारला. निन्टेन्डोने या कामगिरीत रस दाखवला नाही. मग या मंडळींनी आयडी सॉफ्टवेअर काढली, १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ दिला, आणि कचेऱ्यांची जाळी संध्याकाळनंतर निराळ्याच कारणाने तुंबू लागली.

१९९६ च्या ‘क्वेक’मध्ये तर जग खरोखर त्रिमितीचे झाले. दूरची भिंत लहान आणि जवळची मोठी दिसावी यासाठी भागाकार लागतो, आणि भागाकार हा प्रोसेसरचा सर्वांत संथ व्यवहार. मायकेल अ‍ॅब्रॅश आणि कारमॅक यांनी तो दर १६ ठिपक्यांमागे एकदाच केला, आणि तो पेंटियमच्या अपूर्णांक विभागात चालू असताना दुसऱ्या विभागाकडून आधीचे ठिपके रंगवून घेतले. ज्यांनी सायरिक्सचा स्वस्त प्रोसेसर घेतला होता, ज्याच्यावर पत्रे आणि हिशेब पेंटियमइतकेच फर्मास चालत, त्यांना क्वेकने रडवले. विकत घेताना कोणी विचारलाही नसेल असा अपूर्णांकांचा विभाग एका खेळामुळे खरेदीची कसोटी बनला.

त्याच वर्षी मेमरीचे भाव कोसळले, आणि त्याचा लाभ उठवला थ्रीडीएफएक्स या कंपनीने. सिलिकॉन ग्राफिक्सच्या महागड्या यंत्रांवर तयार झालेल्या तिच्या संस्थापकांनी आपली ‘व्हूडू’ चिप आधी नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठी योजली होती. पण चार मेगाबाइट मेमरी आता इतकी स्वस्त झाली की तेच कार्ड सुमारे ३०० डॉलरांत घरच्या ग्राहकाला देता येऊ लागले. हे कार्ड त्रिमितीखेरीज दुसरे काही जाणत नसे. साध्या ग्राफिक्स कार्डातून निघालेली तार संगणकाच्या पाठीमागून व्हूडूत जाई, व्हूडूतून मॉनिटरला. खेळ सुरू झाला की आत ‘टिक्’ असा आवाज होऊन चित्राचा ताबा बदले. १९९८ च्या व्हूडू-२ मध्ये दोन कार्डे जोडून एकाने सम ओळी आणि दुसऱ्याने विषम ओळी रंगवायची सोय होती. अटारीच्या ओळी अशा एकवीस वर्षांनी, दोघा कामगारांत वाटून, परत आल्या. २००० च्या डिसेंबरात थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एन्व्हिडियाने घेतली.

एन्व्हिडिया ही १९९३ साली जेन्सन ह्वांग आणि आणखी दोघांनी काढलेली कंपनी. तिच्या पहिल्या चिपेचा अंदाज चुकला होता. १९९९ च्या ‘जीफोर्स २५६’ने मात्र भूमितीचे गणितही प्रोसेसरकडून काढून घेतले, २००१ पासून कार्डावर प्रोग्राम लिहिता येऊ लागले, आणि २००७ च्या सुमारास कुडा नावाच्या व्यवस्थेने खेळाशी संबंध नसलेली गणितेही त्याच्याकडून करून घेण्याची मुभा दिली. २०१२ साली टोरंटो विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की याने इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांच्यासह छायाचित्रे ओळखणारे जे मज्जाजाल घडवले, ते खेळासाठी विकल्या जाणाऱ्या दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर. दोन का? कारण एका कार्डाची मेमरी तीन गिगाबाइट, आणि सुमारे सहा कोटी गुणकांचे ते जाल तीत मावेना. म्हणून त्याचे दोन भाग करून एकेक भाग एकेका कार्डावर ठेवला, आणि ठरावीक थरांतच त्यांनी एकमेकांशी बोलावे असा तह घातला. त्या जालाची विचित्र दुभंग आकृती आजही पाठ्यपुस्तकांत छापतात.

या वंशवृक्षाची एक फांदी पुण्यात आली आहे. क्रे महासंगणक मिळण्यात अमेरिकेने अडथळा आणला म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते रास्तच आहे. २०२० च्या नोव्हेंबरात जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत ६३ वा आलेला सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ मात्र एन्व्हिडियाच्या ए१०० चिपांवर चालतो, आणि त्या चिपांची वंशावळ वर चढत गेली की क्वेक खेळणाऱ्या पोरांच्या कॅबिनेटात पोचते.

खेळयंत्रे आणि संगणक यांतला भेद तोवर जवळजवळ मिटला होता. २०१३ चे प्लेस्टेशन ४ हे आतून संगणकाच्याच वळणाचे, एएमडीच्या प्रोसेसरचे यंत्र. मेमरी आठ गिगाबाइट, म्हणजे अटारीच्या ६ कोटी ७१ लाख पट. पण स्वस्ताईचा हा लोट कायमचा मानून चालणाऱ्यांना २०२५ च्या उत्तरार्धाने चपराक दिली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणनागृहांनी मेमरीची एवढी मागणी नोंदवली की कारखानदारांनी आपली शक्ती तिकडे वळवली, साध्या रॅमच्या पट्ट्यांचे भाव झपाट्याने चढले, आणि मायक्रॉनने किरकोळ ग्राहकांसाठी चालवलेले ‘क्रुशिअल’ हे नाव गुंडाळण्याचे जाहीर केले. घरच्या संचात खेळासाठी रॅमची एक जादा पट्टी टाकू पाहणाऱ्या मुलाला आता आपल्याच खेळाच्या कार्डाच्या वंशजांशी बोली लावावी लागते आहे, आणि त्यांची थैली त्याच्या बापाच्या थैलीहून पुष्कळच मोठी आहे.